छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरने मुरघासाचा खड्डा कसा काढायचा: थर, रॅम्प आणि मागचं वजन

पुढचा लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे भुजांवर बसवलेली बकेट, हे भरायचं आणि उचलायचं अवजार आहे. जेसीबीचा मागचा हात जमीन स्वतःकडे ओढत खणतो. लोडरला मात्र ट्रॅक्टरच्या चाकांनी पुढे ढकलावं लागतं, म्हणजे जमिनीवरची पकड संपली की खोदकामही संपलं. हे लक्षात न घेतल्यामुळे बहुतेक वेळा एकच गोष्ट होते. माणूस एका जागी बकेट खुपसत राहतो, तासाभरात समोर उभा खड्डा तयार होतो, ट्रॅक्टर त्यात नाकावर उतरतो आणि भरलेली बकेट घेऊन मागे निघता निघत नाही. मग सिलिंडरचा रॉड वाकतो किंवा पुढच्या एक्सलमधून आवाज यायला लागतो.

लोडरने खड्डा निघतो, पण तो उथळ, लांब आणि दोन्हीकडून ट्रॅक्टर आत-बाहेर करता येईल असा असावा लागतो. मुरघासाच्या (दाबून, हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्याला नेमका हाच आकार सोयीचा, कारण चारा दाबायलाही ट्रॅक्टर त्यावरूनच फिरवायचा असतो.

खालची मापं २७ ते ३५ एचपीच्या फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) ट्रॅक्टरला, दीड मीटर रुंद आणि पाव घनमीटरच्या बकेटला धरून दिली आहेत. टू-व्हील ट्रॅक्टर लोडर लावून रॅम्पवर उतरवू नका. सव्वा मीटरपेक्षा खोल खड्डा हवा असेल किंवा खाली पक्का खडक असेल, तर सरळ जेसीबी बोलवा. तिथे लोडरने वाचणारे पैसे दुरुस्तीत जातात.

१. आधी हिशोब, मग फक्की (पांढऱ्या भुकटीची आखणी)

सहा जनावरं, रोज प्रत्येकी २० किलो, १२० दिवस, म्हणजे १४,४०० किलो मुरघास. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला ५०० ते ६०० किलो बसतो. ५५० धरले तर सुमारे २६ घनमीटर जागा लागते.

आता खड्ड्याचं माप. तळाची रुंदी २.७ मीटर, खोली १ मीटर, मधला सपाट भाग ६ मीटर आणि दोन्ही टोकांना ६-६ मीटरचे रॅम्प. एकूण लांबी १८ मीटर. मधल्या भागात १६ घनमीटर, दोन रॅम्पमध्ये मिळून तेवढेच, असे सुमारे ३२ घनमीटर. रॅम्पच्या टोकांचा उथळ भाग चाऱ्याच्या कामाचा नसतो, तो सोडूनही २६ घनमीटर आरामात बसतात.

रुंदी २.७ का? दीड मीटरची बकेट शेजारी-शेजारी दोनदा चालवायची आणि मध्ये ३० सेंटिमीटर एकमेकांवर चढवायची. दोन मीटर रुंदी घेतली तर दुसरा पट्टा अर्धवट येतो आणि एक चाक सतत भिंतीला घासतं.

वेळेचाही अंदाज घ्या. खणलेली माती फुगते. ३२ घनमीटर पक्क्या जमिनीची सुमारे ४० घनमीटर सुटी माती होते. बकेट दरवेळी काठोकाठ भरत नाही, त्यामुळे २०० खेपा धरा. खेपेला तीन मिनिटं म्हटली तरी दहा तास लागतात. दोन दिवसांचं काम आहे, एका दुपारचं नाही. घाईत केलेल्या खड्ड्याचा रॅम्प हमखास उभा होतो.

२. जागा आणि वेळ

जागा थोडी उंच, जवळपास सपाट आणि मुरमाड हवी. काळ्या जमिनीत भिंती उन्हात भेगाळतात आणि पाण्याने ढासळतात. वर वीतभर काळी आणि खाली मुरूम असेल तर उत्तम.

पहारीने किंवा हाताने एका कोपऱ्यात दीड मीटर खोल चाचणी खड्डा घ्या. एक रात्र तसाच सोडा. सकाळी तळाला पाणी दिसलं तर ती जागा सोडून द्या. विहिरीची पातळी वर असताना, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी, ही चाचणी सगळ्यात खरी ठरते.

ठिबकची मेन लाइन, पंपाची जमिनीखालची केबल आणि जुनी पीव्हीसी पाइप कुठून गेली आहे हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून खुणा करा. वीजतारांखाली खड्डा घेऊ नका. बकेट वर असताना तारेशी अंतर किती उरलं हे सीटवरून कळत नाही.

खोदकाम जमीन वाफशावर असताना करा. कोरड्या टणक जमिनीत बकेट वरून घसरते, तर ओल्या जमिनीत बकेटमध्ये माती चिकटते आणि रॅम्पवर चाकं फिरतात. मूठभर माती दाबून खाली टाकली आणि ती फुटून सुटी झाली, तर काम सुरू करायला हरकत नाही. खड्डा चारा भरण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच काढा. महिनाभर उघडा राहिला की पाऊस, कुत्री आणि शेळ्या भिंतींची वाट लावतात.

३. ट्रॅक्टरची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

मागचं वजन. पाव घनमीटर सुटी माती म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो, आणि तीही पुढच्या एक्सलच्या बरीच पुढे. मागे वजन नसेल तर मागची चाकं हलकी होतात आणि त्यांच्याबरोबर ब्रेकही जातो, कारण बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात. फोर-व्हील लावलेलं असेल तर सगळा जोर पुढच्या एक्सलच्या गिअरवर येतो. ते गिअर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात.

मागच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण पाऊण भरतो. टायरच्या मापाप्रमाणे एका चाकात ९० ते २०० लिटर पाणी मावतं. याने पकड वाढते, पण पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही. तो कमी करायला वजन मागच्या एक्सलच्या मागे टांगावं लागतं, म्हणजे थ्री-पॉइंट लिंकेजवर (मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांवर). तराजूसारखंच आहे: दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजन हवं, मधल्या आसावर ठेवून उपयोग नाही.

या कामाला पाच फणांचा कल्टिवेटर मागे लावा. तोच जमीन सुटी करेल आणि तोच वजनही देईल. त्याच्या सांगाड्यावर रेतीची चार पोती दोराने घट्ट आवळून बांधा, सुटी ठेवू नका. मागे रोटाव्हेटर अडकवून वजन साधण्याची सवय अनेकांना आहे. सपाटीवर ते चालतं, पण रॅम्पच्या तोंडाशी ट्रॅक्टर नाक खाली करतो किंवा वर चढवतो तेव्हा लांब आणि खाली लोंबणारं अवजार जमिनीला टेकतं. कल्टिवेटरही प्रत्येक वेळी पूर्ण वर उचलूनच रॅम्पवर जा.

सावधान: मडगार्डवर किंवा अवजारावर माणसं बसवून वजन करू नका. रॅम्पवर चाक घसरलं की पहिला खाली पडतो तो मडगार्डवरचा, आणि तो पडतो मागच्या चाकासमोर.

बकेटची रुंदी. दोन्ही मागच्या टायरच्या बाहेरच्या कडांचं अंतर मोजा. बकेट प्रत्येक बाजूला निदान ५ सेंटिमीटर जास्त हवी. कमी असेल तर चाकांचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, कमी करा, नाहीतर बकेटने काढलेल्या चरात चाक मावणार नाही.

मुरूम घट्ट असेल तर बकेटच्या ओठाला बोल्टने बसणारी दात्यांची पट्टी लावा. तिने जमीन फुटते, पण तळाला चर पडतात. शेवटच्या थराला ती काढून टाका.

सुरू करण्याआधी हे बघा:
– दोन्ही ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडलेली आहेत ना. एकच पेडल दाबलं गेलं तर रॅम्पवर ट्रॅक्टर आडवा होतो.
– पुढच्या टायरमध्ये टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या जवळ हवा.
– लोडरच्या सांगाड्याचे सगळे बोल्ट पान्याने आवळून. हाताने हलवून बघणं पुरेसं नाही.
– सगळ्या पिनांना ग्रीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.
– हायड्रॉलिक तेलाची पातळी बकेट जमिनीवर ठेवून. होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) घामासारखा ओलावा दिसला तर होज बदला. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. बारीक छिद्रातून दाबाखाली येणारं तेल कातडीत घुसतं.

४. आखणी आणि ६० सेंटिमीटरच्या खुंट्या

चौकोन सुतळीने काढा. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ च्या मापाने बघा: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर, तिरपं अंतर बरोबर ५ मीटर. मग फक्की मारा.

रॅम्पचा उतार १ ला ६ ठेवायचा, म्हणजे ६ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली. आपण १० सेंटिमीटरचे थर काढणार आहोत. त्यामुळे प्रत्येक नवा थर आधीच्या थरापेक्षा ६० सेंटिमीटर आत सुरू व्हायला हवा आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच अलीकडे थांबायला हवा. दोन्ही रॅम्पच्या बाहेरच्या कडेला, ट्रॅक्टरपासून सुरक्षित अंतरावर, दर ६० सेंटिमीटरला एक अशा दहा खुंट्या ठोका आणि त्यांच्यावर १ ते १० आकडे लिहा. पहिली खुंटी फक्कीच्या रेषेवर.

लोडरने काढलेला खड्डा बिघडतो तो याच ठिकाणी. प्रत्येक थर एकाच रेषेपासून सुरू केला की रॅम्प तयार होत नाही, पायरी तयार होते. खुंट्या असल्या की अंदाजाची गरज उरत नाही: चौथा थर चौथ्या खुंटीपासून.

एक बाजू आत जायची आणि दुसरी बाहेर निघायची ठरवा आणि ती दिशा शेवटपर्यंत बदलू नका. रिकामी बकेट घेऊन तोंडाने खाली, भरलेली घेऊन तोंडानेच वर. जड बाजू चढाकडे राहिली की वजन थोडं मागच्या चाकांवर येतं. एकाच रॅम्पचा खड्डा केला तर भरलेली बकेट उताराकडे ठेवून उलटं चढावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळी मागची चाकं हलकी होतात.

५. वरची काळी माती वेगळी

पहिल्या एक-दोन थरांत निघणारी काळी माती खड्ड्यापासून लांब, वेगळ्या ढिगात टाका. ती पुन्हा शेतात जाईल. मुरमाचा ढीग पाणी येणाऱ्या बाजूला, खड्ड्याच्या लांबीला समांतर, काठापासून किमान दीड मीटर अंतरावर. त्याचाच पुढे बांध होतो आणि वरून वाहत येणारं पाणी अडतं. ढीग काठावर आला तर भिंतीवर वजन येऊन ती आत कोसळते.

६. एक थर काढण्याचा क्रम

आधी फण. कल्टिवेटर खाली सोडून दोन्ही पट्ट्यांवरून एकेकदा पूर्ण लांबी चला. १० ते १२ सेंटिमीटर जमीन सुटी झाली की पुरे. बकेट या वेळी जमिनीपासून फूटभर वर.

मग बकेट. निघण्याच्या बाजूकडून सुरुवात करून आत येण्याच्या बाजूकडे मागे सरकत या. म्हणजे पहिली खेप निघण्याच्या टोकाजवळची, दुसरी तिच्या अलीकडची. असं केलं की भरलेली बकेट नेहमी आधीच साफ झालेल्या सपाट भागावरून बाहेर जाते. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक खेपेला भरल्या वजनाने ढेकळांवरून उसळत जावं लागतं.

प्रत्येक खेप अशी:

लो रेंज, पहिला गिअर, फोर-व्हील लावलेलं, इंजिन मध्यम फेऱ्यांवर. बकेट जमिनीला टेकवा आणि ओठ अगदी थोडा खाली झुकवा, फार तर दहा अंश. ट्रॅक्टर पुढे घ्या. ओठ थराच्या तळाशी, सुमारे १० सेंटिमीटर आत गेला की बकेट सपाट करा आणि सरळ पुढे चला. पाव घनमीटरची बकेट एवढ्या जाडीच्या थरात दीड-पावणेदोन मीटरमध्ये भरते. भरली की ओठ वर वळवा, बकेट जमिनीपासून फूटभर उचला आणि बाहेर पडा. उंच उचलायची ती फक्त ढिगाशी पोहोचल्यावर.

निघण्याच्या रॅम्पवर चढत कापताना ओठ खाली झुकवू नका, सपाटच ठेवा. चढावर तो लगेच खोल शिरतो.

दोन्ही पट्टे बरोबरीने खाली न्या. एक पट्टा दोन-तीन थर खाली गेला आणि दुसरा तसाच राहिला, तर ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. दोन पट्ट्यांतला फरक एका थरापेक्षा, म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा कधीच जास्त नको.

चाकं फिरायला लागली तर? ॲक्सिलरेटर देऊ नका. चाक फिरतंय याचा अर्थ थर जाड आहे किंवा जमीन पुरेशी सुटी नाही. ओठ थोडा वर घ्या. तरी फिरत असेल तर बाहेर पडा आणि पुन्हा फण फिरवा. क्लच अर्धवट दाबून धडका मारत खणणाऱ्याची क्लच प्लेट हंगामाच्या आत संपते.

या चार चुका सगळ्यात महाग पडतात:

बकेट पूर्ण खाली वळवून, ओठ सरळ जमिनीत रोवून पुढे ढकलणं. त्या वेळी सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर असतात आणि लांब निघालेला रॉड दाबाखाली सहज वाकतो.

बकेट जमिनीत असताना स्टिअरिंग वळवणं. जोर एका कोपऱ्यावर येतो आणि लोडरच्या दोन्ही भुजा पिळवटतात. नंतर बकेट जमिनीवर ठेवली की एक कोपरा टेकतो, दुसरा दोन बोटं वर राहतो. ते सरळ होत नाही.

बकेट खाली दाबून ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलणं. बकेट जास्त आत जाईल असं वाटतं, पण स्टिअरिंग जातं, पुढची पकडही जाते.

डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी कडी) लावून वळणं. लॉक फक्त सरळ जाताना, आणि घसरण संपली की लगेच काढायचा.

रॅम्पवर उतरताना क्लच दाबू नका, गिअर न्यूट्रल करू नका आणि फोर-व्हील काढू नका. फोर-व्हील लावलेलं असलं की इंजिनाचा आणि मागच्या ब्रेकचा रोध पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो.

७. दर दोन थरांनी तपासणी

ट्रॅक्टर बाहेर, बकेट जमिनीवर, इंजिन बंद. मगच माणूस खड्ड्यात उतरेल. चालू ट्रॅक्टरबरोबर कुणी खड्ड्यात नको, "जरा तो दगड बाजूला करतो" म्हणणाराही नको.

तीन मीटरची सरळ पट्टी घ्या. रॅम्पवर तिचं एक टोक वरच्या बाजूला टेकवून पट्टी लेव्हलमध्ये धरली की दुसऱ्या टोकाखाली ५० सेंटिमीटर अंतर यायला हवं. ६० आलं तर रॅम्प उभा होतोय. पुढचा थर एक खुंटी जास्त आत घ्या.

आडव्या दिशेने तळ बघा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोन्ही कडा जुळतात का ते पाहा. इथला दोष आपोआप वाढत जातो. एक चाक खोलगट भागात गेलं की ट्रॅक्टर कलतो, बकेटही त्याच अंगाला कलून तिथेच आणखी खणते. लांबीच्या दिशेनेही तसंच: बकेट पुढच्या चाकांच्या बरीच पुढे असते, त्यामुळे चाकाखालचा छोटा खळगा बकेटच्या ओठाशी मोठा होऊन उमटतो. लाटा दिसायला लागल्या की खोदणं थांबवा. सुटी माती खळग्यात पसरा, बकेटचा तळ जमिनीला समांतर ठेवा, लिव्हर फ्लोटवर टाका, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळी वर-खाली होईल, आणि ट्रॅक्टर उलटा घ्या. दोन-तीन फेऱ्यांत तळ सारखा होतो. उलटं ओढताना बकेट उभी करू नका, रॉड वाकण्याची ती दुसरी हमखास जागा.

मोठा धोंडा लागला तर बकेटच्या कोपऱ्याने उचकटू नका. पहारीने भोवतीची माती काढा, साखळी बांधा आणि मागच्या ड्रॉबारला लावून सरळ ओढा. त्यासाठी कल्टिवेटर काढावा लागला तर काढा. साखळी वरच्या लिंकला लावली तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

८. भिंती आणि तळ हाताने

लोडरने भिंत साफ निघत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना शेवटचे १० ते १५ सेंटिमीटर तसेच सोडून फावडं आणि टिकावाने काढा. भिंत अगदी उभी नको. एक मीटर खोलीला १५ ते २० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला झुकती हवी. त्याने ती टिकते, आणि चारा दाबताना भिंतीलगत हवेची पोकळी राहत नाही. ट्रॅक्टर खड्ड्याच्या काठालगत लांबीने नेऊ नका. काठापासून निदान खोलीएवढं अंतर ठेवा.

दात्यांची पट्टी काढून शेवटचा थर सपाट ओठाने घ्या. तळाला एका टोकाकडे किंचित उतार द्या, ६ मीटरला ५ ते १० सेंटिमीटर, आणि त्या टोकाच्या कोपऱ्यात फूटभर खोल छोटा खळगा करा. मुरघासाचं सुटलेलं पाणी तिथे जमतं.

दोन्ही रॅम्पच्या तोंडाशी, जमिनीच्या पातळीवर, १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गोलसर उंचवटा करून दाबा. तो नसेल तर अवकाळीच्या पहिल्या सरीलाच अंगणातलं पाणी रॅम्पवरून सरळ आत येतं.

शेवटी तळाला आणि भिंतींना अनवाणी तळव्याने किंवा उघड्या हाताने चाचपडत जा. जिथे हाताला टोचलं तिथे प्लास्टिक फाटणार. दगडांची टोकं आणि मुळांचे थोटे काढा, खळगे चाळलेल्या मातीने बुजवा, पाणी शिंपडून धुमसाने ठोका. ट्रॅक्टर बाहेर लावताना बकेट जमिनीवर ठेवा, इंजिन बंद करून लोडरच्या लिव्हर एकदा सगळ्या बाजूंना हलवा म्हणजे तेलाचा दाब सुटतो, आणि सांगाड्याचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. दोनशे खेपांनंतर एखाद-दुसरा ढिला झालेला असतोच.